डोकेदुखी अंगावर काढू नका
आज लॅबमध्ये किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या एका पेशंटचं पाठीच्या मणक्यातलं पाणी आलं. महिनाभर डोकं दुखतंय, ताप नाही, मान आखडलेली नाही. थेंबभर इंडिया इंक मिसळून स्लाइड लावली. काळ्याभोर शाईत गोल गोल पेशी आणि प्रत्येकीभोवती लख्ख पांढरं वलय. क्रिप्टोकॉकस! पोटात धस्स झालं.

हे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, मातीत, कबुतरांच्या विष्ठेत असतं, श्वासातून आत जातं. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण ट्रान्सप्लांटनंतर देतात तशा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा एचआयव्हीमुळे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचं प्रमाण) १००च्या खाली गेलं असेल, तर ते मेंदूपर्यंत पोचतं. या बुरशीचा अंश शोधणारी अँटिजेन टेस्ट अवघ्या १० मिनिटांची, औषधंही आहेत: अँफोटेरिसिन, फ्लुसायटोसिन. घरात असा कुणी असेल तर डोकेदुखी लांबली की लगेच दाखवा, आणि डॉक्टरांना ट्रान्सप्लांटचं आधी सांगा.