बाईंची एक मीटरची नळी

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा शाळेबद्दल लिहायचे ठरवले होते. मैदान, स्नेहसंमेलन, जिन्याखालची घंटा यांवर बाकीचे लिहितीलच. मला रसायनशास्त्राच्या बाईंपलीकडे काही सुचत नाही.

प्रयोगशाळेच्या कपाटावर आडवी ठेवलेली ती लांब काचनळी आमच्या वेळच्या सगळ्यांना आठवत असेल. बाईंनी तिच्या एका टोकाला अमोनियाच्या द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा घातला, दुसऱ्या टोकाला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा, आणि दोन्हीकडे बुचे लावली. नळीत वारा शिरता कामा नये, वायूंनी आपापल्या पायांनी चालायला हवे, असे त्या म्हणाल्या. मग आम्ही नुसते बघत बसलो. बऱ्याच वेळाने आत अमोनियम क्लोराईडचे पांढरे कडे उमटले, तेही मधोमध नाही, आम्लाच्या बाजूला सरकून. अमोनियाचे रेणुवस्तुमान १७, हायड्रोजन क्लोराईडचे ३६.५, हलका गडी जास्त अंतर कापून गेला. वायू जितका हलका तितका वेगाने पसरतो, त्याचा वेग रेणुवस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, या ग्रॅहमच्या नियमाने कडे अमोनियाच्या टोकापासून ५९ सेंटिमीटरवर यायला हवे होते. आमचे जरा अलीकडेच आले. बाईंनी आकडा ओढूनताणून जुळवला नाही. नळीत आधीपासून हवा आहे, नियमाचा हिशोब तिला धरत नाही, एवढे सांगून जे दिसले तेच वहीत लिहायला लावले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला : ‘‘बाई, अमोनियाचे रेणू सेकंदाला सुमारे ६०० मीटर धावतात ना? मग अर्धा मीटर जायला एवढा वेळ कसा?’’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. ‘‘उद्या सांगते,’’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धडा बाजूलाच ठेवला. अगदी हीच शंका १८५८ मध्ये बाईस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने घेतली होती : रेणू एवढे वेगवान असतील तर खोलीच्या एका कोपऱ्यातला वास दुसऱ्या कोपऱ्यात लगेच का पोहोचत नाही? क्लाउझियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने त्याच वर्षी उत्तर दिले. रेणू सरळ जातच नाही. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही अंतर जात नाही तोच दुसऱ्या रेणूवर आदळतो आणि दिशा बदलतो. भर गर्दीत धावत सुटलेल्या माणसासारखी त्याची गत. पाय थांबत नाहीत, पण माणूस पुढे सरकत नाही. ‘‘अरे, तुझी शंका क्लाउझियसला कामाला लावणारी आहे,’’ असे बाई त्या मुलाला म्हणाल्या. आम्हा बाकीच्यांना त्याचा हेवा वाटला, तो अजून वाटतो.

आज मी कारखान्यांच्या सुरक्षेचे काम करतो. वायुगळती ओळखणारे संवेदक कुठे बसवायचे ते ठरवतो. साधारणपणे अमोनियासाठी वर, छताजवळ; क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून त्याच्यासाठी खाली. नव्याने आलेली मुले यावरून धरून चालतात की जड वायू कायम तळाशीच बसतो. तेव्हा मी त्यांना बाईंचाच प्रश्न घालतो : मग या खोलीत खाली कार्बन डायऑक्साईडचा थर, त्यावर ऑक्सिजन, त्यावर नायट्रोजन असे का नाही? गळती झाल्या झाल्या जड वायूचा लोट खाली उतरतो हे खरे, पण एकदा मिसळलेले वायू आपणहून वेगळे होत नाहीत. ब्रोमीनच्या बरणीवर हवेची बरणी पालथी घातली तर तपकिरी रंग हळूहळू वर चढतो, आणि ब्रोमीन तर हवेच्या पाचपटीहून जड.

हल्ली हा प्रयोग पडद्यावर दाखवतात असे ऐकले. वेळ वाचावा म्हणून चित्रफीत पळवतात आणि कडे काही सेकंदांत उमटते. म्हणजे प्रश्न ज्यातून निघाला ती वाट बघणेच कापून टाकले! मला हे अजिबात पटत नाही.

शाळेला एक मीटरची नळी मी देतो. नववीसाठी लागोपाठ दोन तास मोकळे ठेवावेत आणि धूर बाहेर ओढणारा पंखा चालू आहे ना ते पाहून ठेवावे. बाकी तयारी घेऊन मी येईन.