बॉबिनचे वरचे थर

कार्बन फायबर आणि एपॉक्सी (तंतूंना एकत्र धरणारं चिकट रेझिन) यांच्या तुटलेल्या पट्ट्या टेबलावर ठेवत ते वर्कशॉपवाले म्हणाले, "मॅडम, रेझिन तेच, भट्टीचं तापमान तेच. मग थर सुटतात कसे?" इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर ७ मायक्रॉनचे तंतू उघडे, गुळगुळीत, रेझिन जवळजवळ चिकटलेलंच नाही. दुखणं तंतूच्या अंगावर होतं.

माझं माहेर इचलकरंजीचं. तिथे सुताला लावलेली खळ कापड विणून झालं की धुऊन टाकतात. कार्बन फायबरलाही खळ असते, वजनाच्या साधारण एक टक्का. ती मात्र धुवायची नसते, तिच्याच आधाराने रेझिन तंतूला धरून राहतं.

सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक पुन्हापुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात, ॲसिटोनने खळ उतरवली. वजन बरोबर, इन्फ्रारेडमध्ये (पदार्थ कोणता प्रकाश शोषतो यावरून तो ओळखण्याची तपासणी) आलेखावर ९१५ वरची एपॉक्सीची खूणही जागेवर. 'फायबर ठीक' असा अहवाल देता आला असता, पण ते उघडे तंतू मनातून जाईनात. ॲसिटोनने न निघणारं काही असलं तर? सिलिकोन तेल ॲसिटोनला फारशी दाद देत नाही, हेक्झेनमध्ये मात्र सहज विरघळतं. बॉबिनच्या, म्हणजे फायबर गुंडाळलेल्या रिळाच्या, वरच्या थरातला धागा हेक्झेनने धुतला आणि हेक्झेन उडू दिलं. बशीत पुसट चकचकीत डाग राहिला. इन्फ्रारेडमध्ये १२६० ला टोकदार शिखर, ८०० ला दुसरं. सिलिकोनच!

तरी मी लगेच फोन केला नाही. आमच्या काचेच्या सांध्यांना लावतो ते ग्रीसही सिलिकोनचंच, म्हणून आधी नुसतं हेक्झेन तपासलं. स्वच्छ निघालं. शिवाय कार्बन फायबरच्या मूळ ॲक्रिलिक धाग्याला बनवताना सिलिकोनचं तेल लावतात, त्याचा अंश मागे राहू शकतो. फायबर बनवणाऱ्यावर उगाच आळ यायला नको. म्हणून रात्री नऊपर्यंत बसून बॉबिन पार पुठ्ठ्याच्या नळीपर्यंत उलगडली. आतल्या थरांत काहीच नव्हतं. म्हणजे सिलिकोन बाहेरून बसलेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले. उघड्या बॉबिनांचा रॅक, आणि चार पावलांवर साचे. तिथल्या मामांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "ताई, माल साच्यातून सुटावा म्हणून स्प्रे मारतो की रोज, इथंच." डबा उलटा करून पाहिला. सिलिकोनचाच होता.

रॅक दुसऱ्या खोलीत गेला, बॉबिनांवर पिशव्या आल्या. नव्या बॉबिनच्या पट्ट्या तोडून पाहिल्या तेव्हा तंतूंना रेझिन लगडलेलं होतं. तो फोटो मी मामांना मुद्दाम नेऊन दाखवला.