घर दाखवण्यापूर्वीचे पाच महिने

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतील फ्लॅट वडिलांनी १९८७ साली घेतला. इमारतीला लिफ्ट नाही आणि आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. वडील गेल्यानंतर आईच्या गुडघ्यांना तो जिना झेपेना, तेव्हा घर विकून तिने बावधनला माझ्या शेजारी राहावे असे आम्ही ठरवले. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू असल्याने थोडे थांबा, असे बहुतेकांचे म्हणणे होते. पण ती बोलणी मी सहा वर्षे ऐकत आलो होतो.

एप्रिलच्या सुरुवातीला ओळखीतून एक एजंट मिळाले. ते फोटो काढतील, जाहिरात टाकतील आणि पुढच्या रविवारपासून माणसे येऊ लागतील, अशी माझी कल्पना होती. त्यांनी घर पाहण्याआधी फाइल मागितली आणि ती चाळून झाल्यावर आईला म्हणाले, "काकू, आज गिऱ्हाईक आणले तर या फाइलवर बोट ठेवूनच ते भाव पाडेल. आधी कागद पूर्ण करू." मला ती टाळाटाळ वाटली.

मुख्य अडचण मालकीची निघाली. सोसायटीतील सदस्यत्व दाखवणारे शेअर सर्टिफिकेट वडिलांच्या नावावर होते आणि नॉमिनी म्हणून आईचे नाव होते, त्यामुळे घर आपोआप आईचे झाले असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. नामनिर्देशनामुळे सोसायटीच्या दप्तरी सदस्यत्व बदलते, मालकी मात्र वारसांचीच राहते, हे एजंटांनी गाठ घालून दिलेल्या वकिलांनी समजावून सांगितले. मृत्युपत्र नसल्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, मी आणि नागपूरला असलेली माझी बहीण असे तिघे समान हिस्सेदार होतो. विक्रीच्या दस्तावर तिघांनी सह्या करणे किंवा आम्ही भावंडांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून देणे, असे दोन मार्ग होते. बहिणीला व्यवहाराच्या ऐन वेळी रजा मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत ती आली, तेव्हा हवेली तालुक्याच्या एका दुय्यम निबंधक कार्यालयात दोन साक्षीदारांसह जाऊन, फोटो आणि अंगठ्याचे ठसे देऊन आम्ही दस्त नोंदवला. प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे होते. उरलेला अर्धा दिवस सर्व्हरने घेतला.

त्यानंतर शेअर सर्टिफिकेटवर आईचे नाव लागायला समितीच्या दोन बैठका गेल्या. त्याच सुमारास सचिवांनी, पुढे घर विकताना हस्तांतरण अधिमूल्य म्हणून पन्नास हजार भरावे लागतील, असे तोंडी सांगितले. महानगरपालिका क्षेत्रात या रकमेची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. एजंटांनी वाद न घालता शासनाच्या परिपत्रकाची प्रत सचिवांच्या हातात ठेवली आणि तो विषय तिथेच संपला. मी गेलो असतो तर भांडण करून आलो असतो.

दरम्यान त्यांनी टेपने घर मोजले. वर्षानुवर्षे आम्ही ज्याला ७८० चौरस फूट म्हणत होतो, ते प्रत्यक्षात ५७० कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले वापरायचे क्षेत्र, भरले. आईला हे फार लागले. पार्किंगचेही तसेच. बिल्डरने वडिलांना इमारतीखालची जागा 'विकल्याची' एक चिठ्ठी फाइलमध्ये होती. परंतु अशी स्टिल्टखालची, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या तळाची, जागा सामाईक असून बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे. म्हणून जाहिरातीत 'मालकीचे पार्किंग' असे न लिहिता, सोसायटीकडून वाटपाचे पत्र घ्यावे असे त्यांनी सुचवले.

किमतीबद्दल आईचा अंदाज समोरच्या काकूंच्या सांगण्यावर बेतलेला होता. एजंटांनी नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून आमच्याच गल्लीतील तीन व्यवहारांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे सारांश-उतारे, काढून तिच्यापुढे ठेवल्या. त्यात मोबदला आणि बाजारभाव हे दोन्ही आकडे स्पष्ट असतात. समोरच्या काकूंच्या लेकीचा व्यवहारही त्यात होता. आईने चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि आकडा स्वतःच खाली आणला.

आईचे पॅन आधारशी जोडलेले नव्हते, हे मात्र आम्हा कोणाच्या ध्यानात आले नसते. पन्नास लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदार विक्रेत्याच्या करापोटी एक टक्का टीडीएस कापतो. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झाले असेल तर तीच कपात वीस टक्क्यांवर जाते. हजार रुपये भरून ती जोडणी केली. इतक्या जुन्या घराच्या विक्रीवरील भांडवली नफा मोजताना मूळ खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य धरता येते, म्हणून सीएंच्या सांगण्यावरून नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवालही घेतला.

इतरांच्या कागदांविषयी एवढे काटेकोर असलेले हे गृहस्थ स्वतःची दलाली लिहून द्यायला मात्र नाखूश होते. दोन टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आले. निम्मी रक्कम साठेखत, म्हणजे विक्रीचा प्राथमिक करार, नोंदल्यावर आणि निम्मी ताबा देताना, हे मी आग्रहाने लेखी घेतले.

जुलैत बेडरूमच्या भिंतीला नेहमीप्रमाणे ओल आली. वरून रंग मारून ती झाकू नका, असे त्यांनी बजावल्यामुळे गच्चीची दुरुस्ती होईपर्यंत थांबलो आणि जाहिरात ऑगस्टच्या अखेरीस गेली. तिसऱ्या रविवारी आलेल्या कुटुंबाला घर पसंत पडले. त्यांच्या बँकेच्या वकिलांनी अकरा कागदांची यादी पाठवली, त्यांपैकी दहा त्याच संध्याकाळी गेले. राहिले होते पार्किंगचे पत्र; ते सचिवांनी रात्री साडेनऊला स्वतः जिना चढून आणून दिले आणि चहा घेऊन गेले.