शिरस्तेदारकाका आणि काळा पडदा

युरोपच्या टूर घेऊन जायला लागले त्याला अकरा वर्षं झाली. आमचा व्हेनिसचा दिवस ठरलेला असतो. ट्रॉन्केत्तोला बस सोडायची, बोटीने सान मार्कोच्या चौकापाशी उतरायचं, डोजेचा राजवाडा, मग काचकारखाना, गोंडोला आणि संध्याकाळच्या बोटीने परत. राजवाड्यात तिथली गाइड इंग्रजीत बोलते आणि मी तेच हेडसेटवर मराठीत सांगते.

त्या दिवशी ग्रुपमध्ये सांगली-कोल्हापूरकडचे बरेच जण होते. त्यातले एक काका जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. खिशात कायम छोटी वही. फोटो कमी काढायचे, टिपणं जास्त.

राजवाड्यातलं सरदारांच्या महामंडळाचं सभागृह ५३ मीटर लांब आहे आणि मध्ये एकही खांब नाही. सगळ्यांच्या माना वर गेल्या. छताखालच्या पट्टीत व्हेनिसच्या पहिल्या ७६ डोजेंची चित्रं आहेत. डोजे म्हणजे या प्रजासत्ताकाचा प्रमुख, सरदारांनी निवडलेला, मरेपर्यंत पदावर. त्या रांगेत एका चौकटीत चेहराच नाही. तिथे काळा पडदा रंगवलाय, त्याच्या चुण्यासुद्धा रंगवल्यात, आणि त्यावर लॅटिन अक्षरं: ही जागा मारिनो फालिएरोची, गुन्ह्यांपायी शिरच्छेद झालेल्याची.

इथे माझी गोष्ट तयार असते. म्हातारा डोजे, तरुण बायको. मिकेले स्टेनो नावाच्या एका उनाड सरदारपुत्राने डोजेच्या आसनावर तिच्याबद्दल घाण मजकूर लिहिला, त्याला किरकोळ शिक्षा झाली, आणि संतापलेल्या डोजेने सगळ्या सरदारांना कापून काढायचा कट रचला. लोकांना ही गोष्ट फार आवडते. त्या दिवशीही सगळे रंगून ऐकत होते.

काकांनी हात वर केला. "मॅडम, हे बायकोचं कागदावर आहे का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्रश्न गाइडला विचारला. तिने माझ्याकडे नीट बघितलं, माइक बंद केला आणि आम्हाला बाजूच्या बाकाकडे घेऊन गेली. पुढची वीस मिनिटं काचकारखान्याची वेळ टळत होती, तरी मी तिला थांबवलं नाही.

ती म्हणाली, डोजेबद्दल वाईटसाईट लिहिल्याची शिक्षा स्टेनोला आणि आणखी काही तरुणांना झाली, एवढं खरं. बायकोचा भाग पुढच्या बखरींमध्ये फुगत गेला. खरी आग वेगळीच होती. फालिएरो आयुष्यभर प्रजासत्ताकाची कामं करत आलेला माणूस. १३४६ मध्ये झारा शहराच्या वेढ्यात त्याने फौज सांभाळली. सप्टेंबर १३५४ मध्ये त्याची निवड झाली तेव्हा तो पोपच्या दरबारात, आव्हिन्यॉंला, राजदूत म्हणून होता. वय सत्तरीच्या पुढे. ऑक्टोबरमध्ये तो परतला तेव्हा धुकं इतकं होतं, की बोट नेहमीच्या धक्क्याला लागलीच नाही. तो उतरला चौकातल्या दोन खांबांमध्ये. त्याच जागी गुन्हेगारांना मारत असत.

पद मोठं आणि हात बांधलेले. डोजेला स्वतःच्या नावे आलेलं सरकारी पत्रसुद्धा एकट्याने उघडता येत नसे. नोव्हेंबरमध्ये शत्रू असलेल्या जेनोव्हाच्या आरमाराने पोर्तोलोंगो बंदरात व्हेनिसचा अख्खा ताफा पकडला. शहरात सरदारांबद्दल राग धुमसत होता. त्यातच आर्सेनालमधल्या, म्हणजे सरकारी गोदीतल्या, एका माणसाला एका सरदाराने मारहाण केली. असे दुखावलेले दर्यावर्दी आणि कारागीर डोजेभोवती जमले. हा राजवाडा ज्याच्या देखरेखीखाली उभा राहत होता असं सांगतात, तो पाथरवट फिलिप्पो कालेंदारियोही त्यांच्यात होता. १५ एप्रिल १३५५ च्या रात्री जेनोव्हाची जहाजं आली अशी हूल उठवायची, चौकात धावून आलेले सरदार मारायचे आणि फालिएरोला शहराचा धनी करायचं, असा बेत होता.

एका कातडीवाल्याने आपल्या ओळखीच्या सरदाराला सांगितलं, त्या रात्री घराबाहेर पडू नका. तिथून सगळं उलगडलं. राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांचा निवाडा करणाऱ्या दहांच्या मंडळाने आणखी वीस सरदार सोबत घेतले आणि निवाडा केला. कालेंदारियोला याच राजवाड्याच्या सज्जातून फासावर लटकवलं, ओरडू नये म्हणून तोंडात बोळा घालून. १७ एप्रिलला डोजेच्या डोक्यावरची टोपी उतरवली आणि ज्या जिन्यावर त्याने शपथ घेतली होती त्याच जिन्यावर त्याचं डोकं उडवलं. निवडीपासून सात महिने, सहा दिवस.

काकांनी वही काढलीच होती. "निकालपत्र असेल ना?"

गाइड म्हणाली, दहांच्या मंडळाची नोंदवही आहे. पण शिक्षेचा मजकूर हवा तिथे कोरी जागा आहे, आणि एवढेच शब्द: नॉन स्क्रिबातुर. लिहू नये.

मी मराठी केलं तसं काकांचं पेन थांबलं. "आमच्या रेकॉर्ड रूममध्ये पान फाटलेलं सापडायचं, कसरीने खाल्लेलं सापडायचं, शाई सांडलेली सापडायची. 'लिहू नये' असं लिहून ठेवलेलं मी उभ्या नोकरीत बघितलं नाही." ते पुन्हा वर बघायला लागले. गाइडने आणखी एक सांगितलं. १५७७ च्या आगीत हे सभागृह जळालं, जुनी चित्रं गेली. नवी काढताना दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसासाठी काळा पडदा रंगवला. आणि स्टेनो? तो १४०० मध्ये स्वतः डोजे झाला. त्याला या पट्टीत चेहरा आहे.

खाली अंगणात आलो. मार्स आणि नेपच्यूनच्या प्रचंड पुतळ्यांचा तो संगमरवरी जिना. इथेच मान कापली, असं मी अकरा वर्षं सांगत आले होते, लोक तिथे उभं राहून फोटो काढतात. गाइडला विचारलं. हा जिना पंधराव्या शतकाच्या शेवटी बांधलाय. फालिएरोच्या वेळच्या जिन्याची पायरीसुद्धा आता दिसत नाही. मी हेडसेट चालू केला आणि सगळ्यांना सांगितलं, की मघाची बायकोची गोष्ट मी तपासून घेतली नव्हती, आणि हा जिनाही तेव्हाचा नाही. एक मावशी म्हणाल्या, "अगं, मग ती गोदीतल्या माणसाची गोष्ट सांग की आम्हाला." चौकातल्या खांबांपाशी उन्हात उभं राहून सांगितली. काचकारखाना हुकला. त्याबद्दल दोघांनी तक्रार केली, ती रास्तच होती.

परतीच्या बोटीत काका शेजारी येऊन बसले. वहीचं कोरं पान उघडून विचारलं, "मॅडम, फालिएरोतला लि ऱ्हस्व की दीर्घ?"

"ऱ्हस्व, काका."

बोट हलत होती म्हणून त्यांनी वही गुडघ्यावर दाबून धरली आणि पूर्ण नाव लिहिलं.