पडद्याची मागची बाजू

‘साधी माणसं’ मी पहिल्यांदा पाहिला तो उलटा. डोकं खाली पाय वर असा नव्हे, आरशात दिसतो तसा. लालबागच्या आमच्या गल्लीत गणपतीत एका रात्री पडद्यावरचा पिक्चर असायचा. दोन चाळींच्या मध्ये दोन बांबू, त्यांना ताणून बांधलेलं पांढरं कापड आणि समोर टेबलावर सोळा एमएमचं मशीन. पडद्यापुढची जागा दुपारी चारलाच संपलेली असे. बायका चटया अंथरून, प्रत्येक चटईवर एकेक पोर राखणीला बसवून घरी चहा टाकायला गेलेल्या असत. ज्यांच्या घरून चटई आली नाही त्यांनी मागे जायचं, असा नियम होता. आमच्या घरून चटई कधीच वेळेवर आली नाही.

मागून पाहायच्या पिक्चरची सवय व्हावी लागते. पाट्या वाचता येत नाहीत, पण पुढच्या बाजूनं टाळ्या पडल्या की भालजी पेंढारकरांचं नाव येऊन गेलं हे कळतं. बायकांचे पदर उजव्या खांद्यावर जातात. सगळं गाव डावखुरं होतं. आणि कापडाच्या मधोमध मशीनचा दिवा पिवळ्या ठिपक्यासारखा जाणवत राहतो. त्यामुळे जो कुणी पडद्याच्या मध्यावर येऊन उभा राहील, त्याच्या छातीत दिवा लागल्यासारखा दिसतो. सूर्यकांतच्या छातीत लागला, जयश्री गडकरच्या लागला, आणि मागून नुसती घागर घेऊन जाणाऱ्या, नावगाव नसलेल्या एका बाईच्याही लागला. ती बाई मला अजून आठवते. पिक्चरमध्ये तिचं काहीच काम नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर तोच पिक्चर लागला. ‘ऐरणीच्या देवा’ सुरू झालं आणि मी बघतच राहिलो. ऐरण भलत्याच बाजूला! टीव्हीवाल्यांनी काहीतरी गोंधळ केलाय, असं मी ठासून सांगितलं. घरातले हसले. माझ्या डोक्यात मात्र ते लोहाराचं घर अजून तसंच, आमच्या बाजूनं मांडलेलं आहे.

आवडते सिनेमे कोणते, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते ती यामुळेच. नावं मी चारचौघांसारखीच सांगतो, पण कारणं सांगायला लागलो की समोरचा गोंधळतो. ‘संत तुकाराम’ मला आवडतो म्हणजे अतोनात आवडतो, पण तुकोबांसाठी नव्हे. आवलीसाठी.

प्रभातचा हा सिनेमा १९३६ चा, दामले-फत्तेलाल जोडीचा. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं कौतुक झालं. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस मुळात नाटकात स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो मऊपणा आणि भजनात हरवलेले डोळे यांवर लोक इतके भाळले की तुकोबा दिसायलाही असेच असणार, असं धरून चालले. आमची आजी टीव्हीपुढे हात जोडून बसायची. पण गौरीबाईंची आवली पडद्यावर आली की हात सुटायचे आणि आजी पुढे सरकायची. घरात दाणा नाही, नवरा अभंगात दंग, पोर तापानं फणफणलेलं. अशा वेळी ही बाई पायातली वहाण हातात घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला निघते. आजी पदर तोंडाला लावून हसायची. मग एकदम हसू थांबायचं आणि म्हणायची, “बरोबर आहे तिचं.” एवढंच. आमचे आजोबाही माळकरी होते आणि आषाढीला घर आजीवर टाकून जायचे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला जातात. त्या काळात ती करामत काय सफाईनं केली आहे, ते पाहण्यासारखं आहे. पण माझा जीव खाली अडकलेला असतो. विमान गेलं, आता आवली घरी जाऊन चूल पेटवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना काय घालणार? ते त्या पिक्चरमध्ये नाही. तरीही दामले-फत्तेलालांनी तिला इतकी खरी करून ठेवली आहे, की पिक्चर संपल्यावर माझ्या डोक्यात ती तासभर तरी वावरत असते.

यातलंच ‘आधी बीज एकले’. आजीच्या पाठातलं, तुकोबांचं म्हणून. ते शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं, हे मला कॉलेजात कळलं. मोठमोठी जाणती माणसंही गाथेत ते शोधत बसली होती म्हणतात. मी मोठ्या उत्साहानं आजीला सांगायला गेलो. ती वाती वळत होती. वर न बघता म्हणाली, “आठवल्यांना तुकोबांनीच सांगितलं असेल.” मी विषय बंद केला.

‘सिंहासन’ आम्ही भारतमाताला पाहिला. वडील गिरणीत होते, त्यामुळे ते गेले होते सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा बघायला. आई गेली होती कारण सगळी निघाली होती. पिक्चरमध्ये निळू फुले पत्रकार झालेत, दिगू टिपणीस. मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीभोवती चाललेला सगळा डाव त्याला दिसतो, सगळे त्याच्याशी बोलतात, आणि त्याच्या हातात काहीच नाही. पण आईला ते पटेना. निळू फुले आहे म्हणजे हा आता काहीतरी वाईट करणार, म्हणून ती शेवटपर्यंत सावरून बसली होती. बाहेर पडल्यावर म्हणाली, “काहीच कसं केलं नाही त्यानं?” इतक्या वर्षांत त्या सिनेमावर बरंच वाचलं, पण दिगूबद्दल याहून नेमकं काही वाचल्याचं आठवत नाही. वडील काही बोलले नाहीत. तीन वर्षांनी, १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. त्या वर्षी वर्गणी जमेना, तेव्हा गल्लीत पडदा लागला नाही.

आता ‘अशी ही बनवाबनवी’बद्दल बोललं पाहिजे. नाही बोललो तर मराठी माणूस म्हणून माझं नाव कापतील. १९८८ चा सिनेमा. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची, पण वसंत सबनिसांनी ती इतकी पुणेरी करून टाकली की मूळ सिनेमा कुणाला आठवतही नाही. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य तर आता वाक्य राहिलेलं नाही. आमच्या ऑफिसात एक साहेब केबिनचं दार लोटून हेच म्हणत आत येत, आणि त्या केबिनमध्ये माने नावाचं कुणी कधीच बसत नव्हतं.

नव्वदच्या सुमारास नोकरीसाठी पुण्याला गेलो तेव्हा हा सिनेमा माझ्यासाठी विनोदी नव्हताच. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत, कोथरूडला, जिथं जाईन तिथं पहिला प्रश्न: “एकटेच का?” एकटा म्हटलं की दार, दाराच्या आतली जाळी आणि जाळीच्या आतला चेहरा, तिन्ही एकदमच बंद. एका आजींनी तर, लग्न ठरलं की या, असं सांगितलं. जागा नाही म्हणून लग्न ठरत नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी मिळालेल्या खोलीत रात्री दहानंतर फाटकाला कुलूप, पाहुणा आणायचा नाही, आंघोळीचं पाणी एक बादली. त्या वर्षी मी बनवाबनवी चारदा पाहिला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे माझ्याच बाजूनं लढतायत, असं वाटायचं. बायकोचं सोंग घेतलेला सचिन आणि लक्ष्या पदर सावरत चालले की थिएटर कोसळायचं. माझ्या मनात मात्र हिशेब चालू असे: मला साडी कशी दिसेल?

मध्यंतरी काळ गेला. कर्ज काढून घेतलेला एक छोटा फ्लॅट मी दोन मुलांना भाड्यानं दिला. दोघंच हं, असं बजावून. तिसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांचा फोन आला, की तिथं पाच जण राहतात आणि सहाव्याची गादी जिन्यात आहे. मी तावातावानं गेलो. दार उघडलं, आत पाच चेहरे, आणि मी तोंड उघडलं तर माझ्या तोंडून बनवाबनवीतल्या घरमालकाचा, सुधीर जोशींचा आवाज आला. तोच सूर, तीच दुखावलेली सज्जन तणतण. मी विश्वासराव सरपोतदार झालो होतो!

त्यानंतर बनवाबनवी पाहिला की सरपोतदारांची बाजू मला दिसते. बिचारा साधा माणूस. स्वतःच्या घरात चार गोष्टी नीट असाव्यात, एवढीच त्याची अपेक्षा. त्याच्याकडून औषधाच्या नावाखाली उकळलेले सत्तर रुपये वारतात, आणि सगळा महाराष्ट्र पस्तीस वर्षं हसतोय. नयनतारांच्या लीलाबाई काळभोरांचंही तसंच. बंगला त्यांचा, विश्वास त्यांचा, आणि फसवायला आलेली पोरं आपली लाडकी. सुधीर जोशी हसवतात ते मुळी हसवण्याचा प्रयत्न न करता. ते खरोखर चिडलेले असतात. (त्या पाच मुलांना मी काढलं नाही. पोलिसांत द्यायचा फॉर्म मात्र पाच जणांचा भरून घेतला.)

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ मला आवडतो तो एका वळणासाठी. लोकशाहीर नारायण कांबळेवर खटला चाललाय. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, एका सुरात कलमं वाचत जाते. आपल्याला तिचा राग यायला लागतो, आणि नेमका तेव्हा कॅमेरा तिच्याबरोबर घरी जातो. लोकल, लोकलमधल्या गप्पा, पोराला घेणं, घरी जाऊन पदर खोचून स्वयंपाक, समोर चालू टीव्ही. ती आमच्या चाळीतली कुणीही असू शकते. राग जात नाही, पण तो ठेवायचा कुठं ते कळेनासं होतं. पुढे हीच माणसं सुट्टीच्या दिवशी नाटकाला जातात, आणि ते नाटक बाहेरून आलेल्या माणसांची टिंगल करत असतं, सगळं सभागृह हसत असतं. मी तो भाग पाहताना खुर्चीत जरा खाली सरकलो. तसल्या नाटकांना मीही टाळ्या दिल्या आहेत.

आणि ‘फँड्री’. फेब्रुवारी २०१४, व्हॅलेंटाईनचा दिवस. प्रेमाची गोष्ट आहे म्हणून बरीच जोडपी आली होती, पॉपकॉर्न घेऊन. नागराज मंजुळेनं दलित घरातल्या शाळकरी जब्याला काळ्या चिमणीमागं धावायला लावलं तोवर सगळं ठीक होतं. मग ते डुक्कर पकडणं सुरू होतं. जब्याचं सगळं घर डुकरामागं धावतंय आणि गावकरी कठड्यावर, भिंतीवर बसून मजा बघतायत, शेरे मारतायत. थिएटरात आम्हीही हसत होतो. जब्याचा बाप, किशोर कदम, धडपडतो, हसू. डुक्कर निसटतं, पुन्हा हसू. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी ताठ, डुक्कर मात्र निवांत चालू लागतं, तेव्हा तर खसखस पिकली. मग डुकराला काठीला बांधून घरचे नेतात, मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. तिथं पहिल्यांदा आवाज थांबला. आणि शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड गावातल्या चिडवणाऱ्या पोराकडे जात नाही, सरळ कॅमेऱ्याकडे येतो. अंधार.

माझ्या शेजारच्या मुलाच्या हातात पॉपकॉर्न तसाच राहिला होता. पडद्यापुढं बसलेल्यांकडे तिकडून कुणी असं बघेल, हे मला लालबागच्या कापडाच्या मागे बसूनही कधी सुचलं नव्हतं. आम्ही मागे होतो खरे, पण आम्हाला कुणी मागे ठेवलं नव्हतं. चटई तेवढी नव्हती.

यंदा गणपतीत जुन्या गल्लीत गेलो. चाळ जाऊन टॉवर झालाय, मंडळ मात्र आहे, आणि पिक्चरची रात्रही आहे. कापड नाही, मोठी एलईडी भिंत. बनवाबनवीच लावला होता. समोर खुर्च्या, सगळ्यांना पुरून उरतील एवढ्या. पाच मिनिटं पुढे उभा राहिलो आणि पाय आपोआप मागे वळले.

मागे काही नव्हतं. लोखंडी सांगाडा, काळे डबे, वायरींचे गुंते आणि घोंगावणारे पंखे. चित्राचा मागमूस नाही. पलीकडून आवाज मात्र स्वच्छ येत होता, आणि नटाच्या आधी पब्लिकच वाक्य म्हणत होतं. सरपोतदार चिडले, पाचशे माणसं हसली. मी सांगाड्याला हात लावून उभा होतो. जनरेटरपाशी स्टुलावर एक पोरगा वडापाव खात होता, ऑपरेटर असावा. त्यानं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि सरकून स्टुलावर अर्धी जागा केली.

“काका,” तो म्हणाला, “इथून काय दिसणार?”