पोशाखाच्या आतली माणसे

माझ्या आजोळी, कराडजवळच्या एका गावात, सुट्टीत आम्ही सगळी भावंडे जमलो की संध्याकाळची टीव्हीसमोरची जागा ‘पॉवर रेंजर्स एसपीडी’साठी राखलेली असे. आम्ही खाली सतरंजीवर आणि आजोबा मागे कॉटवर, अशी बसण्याची पद्धत ठरून गेली होती. पडद्यावर पाच रंगांच्या पोशाखांतले पाच जण हिंदीतून एकमेकांना हाका मारत, कोलांट्या घेत, हातवारे करत लढायचे आणि पाचही जणांचे चेहरे काळ्या काचेच्या हेल्मेटआड पूर्ण झाकलेले असायचे. एकदा आजोबांनी विचारले, “अरे, यातला बोलतोय तरी कोण? तोंडं तर सगळ्यांची झाकलेली.” सात वर्षांच्या माझ्या मामेभावाने पडद्यावरची नजर न हलवता सांगितले, “आजोबा, जो मान हलवतो तो बोलतो.”

हे त्याला कोणी शिकवले नव्हते. पाहून पाहून त्याने ते स्वतःच ताडले होते आणि ते अगदी बरोबर होते. हेल्मेट घातलेल्या कलाकाराला डोळे नसतात, ओठ नसतात, कपाळावर आठ्या घालता येत नाहीत. तेव्हा आपले वाक्य सुरू झाले आहे हे प्रेक्षकाला कळावे म्हणून तो मान, खांदे आणि हाताचा पंजा वापरतो आणि उरलेले चौघे तेवढा वेळ बरेचसे स्थिर राहतात. जपानमध्ये या कलाकारांना ‘सूट अ‍ॅक्टर’ म्हणतात. मला आज लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी, कारण अंगणात आम्ही ज्यांच्या उड्यांची आणि पवित्र्यांची नक्कल करत होतो ती माणसे हीच होती आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाव आम्हाला ठाऊक नव्हते.

‘एसपीडी’ २००५ साली अमेरिकेत प्रसारित झाली, तिचे चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झाले आणि तिचा मोठा भाग त्याआधीच जपानमध्ये चित्रित झालेला होता. मूळ मालिकेचे नाव ‘तोकुसो सेन्ताई डेकारेंजर’. ती फेब्रुवारी २००४ ते फेब्रुवारी २००५ या काळात जपानी टीव्हीवर ५० भागांत दाखवली गेली. चेहरे दिसतात ती दृश्ये इंग्रजी बोलणाऱ्या नटांना घेऊन नव्याने चित्रित करायची आणि हेल्मेट चढले की पुष्कळदा जपानी फिल्म जोडायची, अशी ही पद्धत होती. त्यावर भारतात हिंदी आवाज चढले. म्हणजे ज्या एका लाल रेंजरवर, जॅकवर, आमचा जीव होता, त्याचा चेहरा एकाचा, लढणारे शरीर बहुधा दुसऱ्याचे आणि आवाज तिसऱ्याचा होता. या तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेही नसेल, आणि तरी आमच्यासाठी तो एकच माणूस होता.

या साऱ्याची सुरुवात १९७५ ची आहे. शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराची ‘कामेन रायडर’ ही एकट्या मुखवटाधारी वीराची मालिका १९७१ पासून जपानमध्ये गाजत होती. १९७५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या दूरचित्रवाणी जाळ्यांची अदलाबदल झाली आणि ‘कामेन रायडर’ दुसऱ्या वाहिनीकडे गेली. आज ‘टीव्ही आसाही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीला मोकळी झालेली जागा भरायची होती. तोएई या निर्मितीसंस्थेने इशिनोमोरी यांच्याच संकल्पनेवर ‘हिमित्सु सेन्ताई गोरेंजर’ उभी केली आणि ५ एप्रिल १९७५ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला. एका वीराऐवजी पाच वीर आले: लाल, निळा, पिवळा, गुलाबी आणि हिरवा. गुलाबी पोशाखातली स्त्री स्फोटकांची जाणकार होती आणि पिवळ्या पोशाखातला धिप्पाड गडी करी-भाताच्या थाळ्यांवर थाळ्या रिचवत असे. मालिका ८४ भाग चालली. या प्रकारात महाकाय यंत्रमानव मात्र १९७९ च्या ‘बॅटल फीव्हर जे’पासून आला. त्याआधीच्या वर्षी तोएईने अमेरिकेतल्या मार्व्हलशी करार करून जपानी ‘स्पायडरमॅन’ केला होता आणि त्यात त्याला एक प्रचंड यंत्रमानव दिला होता. तो मुलांना इतका भावला की पुढे रंगीत पथकांच्या मालिकांत अशा यंत्रमानवाला कायमचे स्थान मिळाले.

दर वर्षी नवे पथक, नवे पोशाख आणि नवा यंत्रमानव येत असे यामागे खेळण्यांचा व्यापार होता, हे उघड आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. मला मात्र त्याची दुसरी बाजूही मोलाची वाटते. वर्षाचे बारा महिने, दशकानुदशके अशी मालिका चालू राहिल्यामुळे पोशाखात शिरून लढणाऱ्या कलाकारांची एक परंपराच तिथे टिकली. साहसदृश्यांतील कलाकार घडवण्यासाठी सॉनी चिबा या अभिनेत्याने १९७० मध्ये जपान अ‍ॅक्शन क्लब स्थापन केला होता. या क्लबमध्ये आणि त्याच्याच पुढच्या रूपात घडलेल्या माणसांनी हे पोशाख वागवले. त्यांतले कितीतरी जण आधी शत्रूच्या फौजेतले बिनचेहऱ्याचे सैनिक होत, पडायला शिकत आणि मग काही वर्षांनी वीराच्या पोशाखापर्यंत पोहोचत.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. हाइम सबान या निर्मात्याने १९८० च्या दशकात जपानमध्ये या मालिका पाहिल्या आणि तेव्हापासून तो त्या अमेरिकी वाहिन्यांना सुचवत राहिला, पण बराच काळ त्याला नकारच मिळाला. शेवटी १९९२ च्या ‘क्योर्यू सेन्ताई झ्यूरेंजर’ची फिल्म वापरून बनवलेली ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ २८ ऑगस्ट १९९३ रोजी फॉक्स किड्सवर आली आणि अमेरिकी मुलांनी ती डोक्यावर घेतली. त्या मालिकेतले सांधे आजही सहज दिसतात. पिवळी रेंजर ट्रिनी ही मुलगी आहे, पण हेल्मेट घातल्यावरच्या तिच्या पोशाखाला गुलाबी रेंजरच्या पोशाखासारखा आखूड घेर नाही, कारण जपानी मालिकेत पिवळ्या पोशाखात बोई नावाचा मुलगा होता. चेटकीण रीटाचे ओठ आणि तिचे शब्द जुळत नाहीत, कारण पडद्यावर दिसते ती माचिको सोगा ही जपानी अभिनेत्री आणि आवाज आहे तो बार्बरा गुडसन यांचा. हिरवा बुराई जपानमध्ये मरतो आणि ते मरण मुलांपासून लपवलेले नाही. अमेरिकेत त्याच पोशाखातला टॉमी आपली शक्ती गमावतो आणि पुढे पांढरा रेंजर होऊन परततो. तो पांढरा पोशाख पुढच्या वर्षीच्या जपानी मालिकेतला, आणि तिथे तो घालणारे पात्र म्हणजे रूपांतर होताच मोठ्या माणसाएवढा होणारा एक लहान मुलगा आहे.

पण माझी मालिका ‘एसपीडी’. पुढे नोकरी लागल्यावर सबटायटल असलेली मूळ ‘डेकारेंजर’ मी पहिल्या भागापासून क्रमाने पाहिली. बालपणीच्या घरात दुसऱ्या दाराने शिरावे, तसे ते पाहणे होते. खोल्या त्याच, पण सामान वेगळ्या जागी लावलेले. जपानी पथकात हातमोजे घालते ती पिवळी जास्मिन, कारण वस्तूला हात लावताच तिला त्या वस्तूचा भूतकाळ कळतो. आमच्याकडे ते हातमोजे हिरव्या ब्रिजच्या हातात आले. सहावा रेंजर जपानमध्ये चेहरा असलेला, पथकात वावरणारा तरुण अधिकारी आहे. ‘एसपीडी’मध्ये त्याच्यासाठी शेवटच्या भागापर्यंत नटाचा चेहराच नव्हता, हेल्मेट नसेल तेव्हा तो तेजाचा एक तरंगता गोळा असायचा. लहानपणी आम्हाला तो गोळा अतिशय गूढ वाटे आणि मामेभाऊ बॅटरीचा झोत भिंतीवर फिरवत त्याचे सोंग आणी.

सगळ्यात खोल फरक आहे तो न्यायनिवाड्याच्या दृश्यात. पथक गुन्हेगाराला घेरते, एक रेंजर हातातले उपकरण त्याच्यासमोर धरतो, त्यावर वर्तुळ आणि फुली आळीपाळीने लुकलुकतात आणि अखेर लाल फुलीवर निकाल थांबतो. दोन्ही मालिकांत हे दृश्य एकच आहे. ‘एसपीडी’त यानंतर गुन्हेगार एका कार्डात कैद होतो. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर राक्षसांची चित्रे काढून अशी कार्डे केली होती आणि हरलेल्याचे कार्ड फडताळातल्या डब्यात टाकायचे, असा नियम होता. ‘डेकारेंजर’मध्ये तो निकाल अंतराळातल्या सर्वोच्च न्यायालयाकडून येतो आणि फुलीचा अर्थ देहदंड असा असतो. त्यासाठी ते ‘डिलीट’ हा शब्द वापरतात. ज्या स्फोटानंतर आम्ही आनंदाने डब्यात कार्ड टाकत होतो, तो स्फोट मूळ कथेत एका जीवाचा शेवट होता, हे पहिल्यांदा उमगले तेव्हा मी तो भाग तिथेच थांबवला. अमेरिकी लेखकांनी केलेला बदल मला पळवाट वाटत नाही. सात वर्षांच्या मुलासमोर पोलिसाने काय करावे, याचा त्यांनी केलेला तो विचार आहे. आणि जपानी लेखकांनी मुलांना शिक्षेचे ओझे दाखवायचे ठरवले, त्यालाही मी चूक म्हणणार नाही. मला थक्क केले ते पोशाखातल्या माणसाने. उपकरण समोर धरताना त्याचा हात असा स्थिर आणि खांदे असे ताठ आहेत की त्याच्या उभे राहण्यातून कैदही पटते आणि मृत्युदंडही पटतो.

या माणसांचे काम किती कष्टाचे असते, याची कल्पना पडद्यावरून येत नाही. हेल्मेटमधून दिसते ते फार थोडे, आत गरम हवा कोंडते आणि तशा अवस्थेत उडी मारून नेमक्या जागी उतरायचे असते. तोचिगी प्रांतात इवाफुने नावाच्या डोंगरात दगडाची जुनी खाण आहे. या मालिकांतली खूप स्फोटदृश्ये तिथे चित्रित झाली आहेत. मागे खरी ज्वाळा उठलेली असताना पाचही जण एका रांगेत पवित्रा घेऊन उभे असतात आणि कोणी दचकत नाही. संवाद नंतर, हेल्मेटविना ज्यांचे चेहरे दिसतात ते नट ध्वनिमुद्रणात बोलतात. त्यामुळे चेहरा देणारा नट आणि पोशाखातला कलाकार यांना मिळून एक माणूस उभा करावा लागतो. लाल वीर उतावळा असेल तर हेल्मेट घातल्यावरही तो उतावळेपणाने चालला पाहिजे. हिरोफुमी फुकुझावा यांनी वर्षानुवर्षे निरनिराळे लाल वीर साकारले आणि दर वर्षी त्यांची चाल वेगळी असते, हे आता मला नुसत्या पाठमोऱ्या दृश्यातही कळते.

स्त्री-वीरांचे पोशाख कित्येकदा पुरुष कलाकार घालतात. युइची हाचिसुका हे तर त्यासाठीच नावाजलेले आहेत. मनगट कुठे वळवायचे, गुडघे किती जवळ ठेवायचे, हे आपल्या नाटकांतल्या जुन्या स्त्री-भूमिका करणाऱ्या नटांइतकेच त्यांच्या अभ्यासाचे भाग आहेत. मी हे माझ्या मावसबहिणीला सांगितले. लहानपणी घरातली एकटी मुलगी म्हणून आम्ही तिला दर वेळी गुलाबी व्हायला लावत असू आणि तिला मनापासून पिवळी झेड व्हायचे असे. ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “म्हणजे पोशाखाच्या आत कोणीही असू शकत होतं. मग मी लाल का नाही झाले कधी?” तिचे म्हणणे खरे होते. आमच्या अंगणात तिच्यावर अन्याय झाला होता आणि मी तिची क्षमा मागितली.

‘एसपीडी’ची कथा ज्या सालात घडते असे मालिकेत सांगितले होते, ते २०२५ साल खरोखर उजाडले तेव्हा जपानमध्ये या परंपरेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने मामेभाऊ माझ्याकडे राहायला आला आणि आम्ही एकच भाग पाहायचा ठरवला. पथकाचा प्रमुख, कुत्र्याच्या तोंडाचा कमांडर क्रूगर, स्वतः पहिल्यांदा पोशाख चढवून एकटाच शंभर यंत्रसैनिकांवर चालून जातो, तो हा भाग. त्याच्या छातीवर १०० हा आकडाच आहे. आजोळी हा भाग लागला होता त्या संध्याकाळी क्रूगरने तलवारीला हात घातला आणि लोडशेडिंगची वेळ नसतानाही वीज गेली. आम्ही काळोखात बसून राहिलो आणि आजोबांनी कंदील लावून आणला. “आता त्यानं काय केलं असेल ते तुम्हीच सांगा,” असे ते म्हणाले आणि मामेभावाने उभे राहून, काठी हातात घेऊन, ती सगळी लढाई त्यांना करून दाखवली होती.

या वेळी लढाई शेवटपर्यंत दिसली. आवाज मूळचा जपानी होता आणि सबटायटल आम्ही मुद्दाम बंद ठेवली होती. यंत्रसैनिक पडत गेले तसा मामेभाऊ पुटपुटत मोजत होता. लढाईच्या मध्ये एकदा क्रूगर थांबला, त्याने तलवार खाली घेतली, मान किंचित डावीकडे झुकवली आणि मग वर केली.

“बोलतोय,” मामेभाऊ म्हणाला आणि पुढचा आकडा मोजू लागला.