न गंजणाऱ्या फ्रेमचे गंजणारे शेजारी

टायटॅनियमच्या सायकलीची जाहिरात दोन शब्दांत आटपते: गंजत नाही. ते खरंही आहे. खारा वारा, ओली वाळू, चार महिन्यांचा पाऊस, फ्रेमला कशाचंच सोयरसुतक नसतं. पण नुसती फ्रेम म्हणजे सायकल नव्हे. तिच्या आजूबाजूला चेन, स्पोक, निप्पल (स्पोकला रिमशी जोडणारे छोटे नट), बेअरिंग, बोल्ट, ब्रेकच्या डिस्क असा मोठा गोतावळा असतो आणि तो गंजतो. त्यातले काही तर टायटॅनियमच्या शेजाराला आल्यामुळेच लवकर जातात. ऑनलाइन फ्रेम मागवणाऱ्याचे डोळे फ्रेमवर खिळलेले असतात. पुढे पैसा आणि डोकं खाते ती ही बाकीची मंडळी.

इथे विषय टायटॅनियमच्या फॅट बाइकचा, म्हणजे चार-पाच इंची जाड टायरच्या सायकलीचा. ती मुळात बर्फातली. अलास्कात १९८०च्या दशकात हिवाळी सायकल शर्यती सुरू झाल्या, तेव्हा हौशी कारागिरांनी दोन रिम शेजारी शेजारी वेल्ड करून रुंद चाकं बनवली. वाळूसाठीचे रुंद रिम न्यू मेक्सिकोच्या कोरड्या नदीपात्रांकडून आले. २००५ मध्ये सर्ली कंपनीने ‘पग्स्ली’ बाजारात आणली आणि चार इंची टायर दुकानात मिळू लागला. पग्स्लीचं पुढचं आणि मागचं चाक अदलाबदल करता येत असे. कडाक्याच्या थंडीत मागचा फ्रीहब (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) गोठला, तर पुढचं चाक मागे लावून घर गाठता यावं, ही त्यामागची सोय.

कोकणात गोठायचं काही कारण नाही. पण गुहागर, आंजर्ले, दिवेआगरसारख्या किनाऱ्यांवर ओहोटीनंतर उघडी पडणारी घट्ट ओली पुळण या टायरला फार मानवते आणि तिथली हवा लोखंडाच्या मुळावर उठलेली असते. म्हणून टायटॅनियमचा विचार इथे निव्वळ चैनीचा नाही. त्याचा लवचीकपणा, रस्त्याचे हादरे पिऊन टाकणं वगैरे स्तुती मात्र सोडून द्यावी. टायरमध्ये हवा आठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असताना फ्रेम किती लवते हे कुणाच्या बापाला कळणार नाही. पैसे द्यायचे ते न गंजण्याचे, रंग उडण्याची भानगड नसण्याचे आणि वजनाचे. टायटॅनियमची घनता ४.५, पोलादाची ७.८, फ्रेम दोन किलोच्या आसपास बसते. सोसायटीच्या पार्किंगमधल्या स्वस्त लोखंडी फॅट बाइका उचलून पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

नळ्या बहुधा ग्रेड ९ च्या असतात, म्हणजे टायटॅनियममध्ये ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम. ग्रेड ५ (६ आणि ४ टक्के) जास्त कणखर, पण त्याच्या अखंड नळ्या ओढणं अवघड. म्हणून तो ड्रॉपआउटसारख्या (चाक फ्रेमला जिथे बसतं ती टोकं) तुकड्यांना वापरतात. ‘सगळी फ्रेम ग्रेड ५’ असं कुणी सांगितलं, तर नळ्या अखंड आहेत की पत्रा वळवून जोडलेल्या, एवढं विचारावं. बनवणारे अमेरिकेत कोलोरॅडोपासून चीनमध्ये शीआनपर्यंत आहेत. मापानुसार फ्रेम बनवून देणारे आगाऊ रक्कम घेतात आणि नळी कापण्याआधी एक ड्रॉइंग मंजुरीला पाठवतात. खरी खरेदी त्या ड्रॉइंगवर होते. ‘ओके, लुक्स गुड’ असं उत्तर धाडणाऱ्याने पुढे कुणाला बोल लावू नये.

ड्रॉइंगवर सर्वांत आधी मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी बघायची. साध्या एमटीबीला (डोंगरी सायकलीला) १४२ किंवा १४८ मिमी असते, फॅट बाइकला १७७ किंवा १९७. क्विक रिलीजच्या (खटका उघडून सुटणाऱ्या चाकाच्या) जमान्यातले १७० आणि १९० थ्रू-अ‍ॅक्सलमध्ये (फ्रेमच्या भोकांतून आरपार जाणाऱ्या दांड्यावर) १७७ आणि १९७ झाले. वाढलेले ७ मिमी म्हणजे ड्रॉपआउटच्या खाचांत दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन मिमी बसणारा भाग, हब तोच. त्यामुळे बऱ्याच हबना एंड कॅप बदलून १७० चं १७७ करता येतं. १७७ चं १९७ मात्र होत नाही, आणि सेकंडहँड चाकं घेताना नेमकी इथेच फसगत होते. चार इंची टायरला १७७ पुरतं. ४.८ इंची हवा असेल तर १९७ घ्यावं लागतं, नाहीतर सर्वांत हलक्या गिअरवर चेन टायरला घासते. हब ठरला की चेनलाइन (फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनपर्यंतचं अंतर) ठरली: १७७ ला ६६ मिमीच्या आसपास, १९७ ला ७६. तिच्यामागून क्रँकचा अ‍ॅक्सल लांबतो आणि दोन पायांमधलं अंतरही वाढतं. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी १९७ च्या वाटेला जाऊ नये. माझं मत विचाराल तर किनाऱ्यासाठी चार इंच भरपूर झाले; पाच इंच भुसभुशीत बर्फाचं माप आहे.

बॉटम ब्रॅकेटचं शेल (क्रँकचा दांडा जिच्यात फिरतो ती आडवी नळी) १०० मिमीचं आणि आट्यांचं मागावं. प्रेसफिटमध्ये बेअरिंग नुसतं ठोकून बसवतात. माप जरा इकडेतिकडे झालं की करकर सुरू, आणि वाळू गेली की ती करकर कायमची. टायर आणि नळ्या यांच्यात दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी जागा हवी. टायरवर ४.० छापलेलं असलं तरी तो ६५ मिमीच्या रिमवर एक रुंदी दाखवतो आणि ८० मिमीच्या रिमवर दुसरी, म्हणून बनवणाऱ्याला टायरचं नाव आणि रिमची रुंदी दोन्ही कळवावं. फोर्कची अ‍ॅक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कच्या वरच्या जोडापर्यंतची) उंचीही लेखी असू द्या. साध्या कार्बन फोर्कसाठी आखलेल्या फ्रेमला नंतर २० मिमी उंच फोर्क लावला, तर हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा, म्हणजे हेड ट्यूबचा, कल) साधारण एका अंशाने पडतो आणि हँडल सुस्तावतं. हेड ट्यूब ४४ मिमीची असली की खालचा कप बाहेरचा लावून टेपर्ड (खाली रुंद होत जाणाऱ्या नळीचा) फोर्क बसतो. सस्पेन्शन फोर्क किनाऱ्यावर घेऊच नये. त्याची सील वाळूपुढे टिकत नाहीत आणि ते काम टायर फुकटात करतो.

बाटलीचे, कॅरिअरचे, मडगार्डचे बोल्ट कुठे हवेत, हेही याच टप्प्यावर ठरवा. नंतर गावातल्या वेल्डरकडून एखादा तुकडा चिकटवून घेऊ, असं टायटॅनियमच्या बाबतीत चालत नाही. साधारण ४०० अंशांच्या पुढे हा धातू हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतो. वेल्डिंग करताना नळीच्या बाहेरून आणि आतूनही आर्गॉन वायूचं आवरण द्यावं लागतं. चेनऐवजी बेल्ट लावायचा विचार असेल, तर मागच्या त्रिकोणात उघडता येणारा सांधा आत्ताच मागा, कारण बेल्ट चेनसारखा तोडून जोडता येत नाही. केबल नळीच्या आतून नेण्याची फॅशन आहे. खाऱ्या हवेत मला ती पटत नाही. अखंड आउटरमधून (केबलच्या वेष्टणातून), बाहेरून नेलेली केबल दिसायला साधी, पण दहा मिनिटांत बदलता येते. केबल आतून न्यायचीच असेल तर बॉटम ब्रॅकेटखाली पाणी निथळायला भोक हवं.

कस्टमचं थोडक्यात. ड्युटी फक्त फ्रेमच्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून लागते. तिचे दर बदलत राहतात, तेव्हा ताजे बघून हिशेब मांडा. कुरिअरवाला केवायसी मागेल, ती कागदपत्रं तयार ठेवा. फ्रेम, चाकं आणि क्रँक तीन ठिकाणांहून तीन खोक्यांत मागवले, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही गत व्हायला वेळ लागत नाही.

खोकं उघडलं की टॉर्च घ्या. वेल्डच्या कडेचा रंग चांदीसारखा किंवा फिकट गवती असेल तर उत्तम. गडद निळा-जांभळा दिसला तर आर्गॉन कमी पडल्याची शंका घ्यावी. राखाडी किंवा पांढुरकी भुकटी दिसली तर फोटो काढून फ्रेम परत. बाहेरून ब्रश फिरवला की हे रंग पुसले जातात, त्यामुळे खरी तपासणी आतून होते. सीट ट्यूब आणि हेड ट्यूबमध्ये टॉर्च मारून वेल्डच्या मागची बाजू बघा. तिथे ब्रश पोचत नाही. मग एक दोरा डाव्या ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासूनचं दोन्हीकडचं अंतर मोजा. फरक एक-दोन मिमीपेक्षा जास्त असेल, तर मागचं चाक पुढच्याच्या रेषेत चालणार नाही.

आता शेजाऱ्यांकडे वळू. टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी तयार. यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. सगळ्यात वाईट अवस्था सीटपोस्टची होते. त्यावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि पोस्ट नळीत असा रुततो की सीट फिरवताना फ्रेमच वळेल असं वाटावं. इथे हात गॅसच्या शेगडीकडे जातो, आणि तीच चूक. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर टायटॅनियमच्या अडीचपटीहून जास्त प्रसरण पावतं, म्हणजे तापवून पोस्ट आणखी घट्ट. उलट तो गार करायचा: वरून बर्फ लावा, आत भेदक तेल सोडा, रात्रभर थांबा. त्यापेक्षा मुळात पोस्ट टायटॅनियमचा किंवा कार्बनचा घ्यावा. टायटॅनियमच्या पोस्टला अँटी-सीझ (धातू एकमेकांत रुतू न देणारी पेस्ट), कार्बनच्या पोस्टला कार्बन पेस्ट. ग्रीस दोघांनाही नको. अ‍ॅल्युमिनियमचाच असेल तर अँटी-सीझ लावा आणि दर दोन महिन्यांनी बाहेर काढून पुसा.

आट्यांची तऱ्हा वेगळी. टायटॅनियमवर कोरडा बोल्ट फिरवला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना आटे उपटून येतात. तेव्हा प्रत्येक बोल्टला कॉपर अँटी-सीझ, अगदी बाटलीच्या एम५ बोल्टलासुद्धा. पहिले तीन फेरे हातानेच द्या. अडला तर पाना लावू नका, उलटा काढा आणि आट्यातला चुरा साफ करा. बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, हे माहीत असूनही लोक तिथे जोर लावतात. बोल्ट स्टेनलेसचे, शक्यतो ३१६ ग्रेडचे मागा. नेहमीच्या ३०४ वर किनाऱ्याला तांबूस डाग धरतात. स्पोक स्टेनलेसचे आणि निप्पल पितळेचे. अ‍ॅल्युमिनियमच्या निप्पलने चाकामागे थोडे ग्रॅम वाचतात, पण ती आतून कुजतात आणि चाक आउट काढायला बसलं की एकेक तुटून हातात येतात. हबची बेअरिंग काढून त्यांच्यावरचा नंबर लिहून ठेवा. ६९०२-२आरएस असला नंबर सांगितला की कुठलाही बेअरिंगवाला फळीवरून काढून देतो. ब्रेक पॅड सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) घ्या, रेझिनचे वाळू पटकन खाते.

हवेचं गणित फॅट बाइकवर वेगळंच चालतं. साधारण ७५ किलोच्या माणसाला डांबरी रस्त्यावर १२ ते १५ पीएसआय, ओल्या घट्ट पुळणीवर ८, कोरड्या मोकळ्या वाळूत ५. एका पीएसआयने सायकल बदलते आणि १६० पर्यंतच्या साध्या पंपाचा काटा ५ आणि ८ मधला फरक दाखवूच शकत नाही. ० ते १५ चा वेगळा गेज घ्या. ट्यूब असताना हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकत जातो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते, व्हॉल्व्ह तिरका होतो आणि बुडाशी फाटतो. तो पंक्चर जोडताही येत नाही. व्हॉल्व्ह तिरका दिसला की हवा काढून टायर मागे सरकवून घ्या. ट्यूबलेस केलं तर हा त्रास जातो आणि वजनही कमी होतं. त्यासाठी रिमच्या भोकांवर रुंद टेप आणि टायरमागे १२० ते १५० मिली सीलंट (भोकं आपोआप बुजवणारा द्रव) लागतं. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, मग पुन्हा भरायचं.

हौसेचा भाग रंगाचा. टायटॅनियमला रंग लावावा लागत नाही. त्यावरचा ऑक्साइडचा थर विजेने जाड केला की प्रकाशाच्या खेळाने रंग दिसतो, आणि व्होल्टेजवर तो ठरतो. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडल्या तर निळा, सहा जोडल्या तर पिवळसर सोनेरी. फ्रेम धन टोकाला जोडायची, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेला स्पंज ऋण टोकाला. रबरी हातमोजे घालायचे आणि स्पंज त्या जागेवर सावकाश फिरवायचा. आधी ती जागा अ‍ॅसिटोनने पुसायची, नाहीतर बोटाचा ठसा रंगात कायमचा उमटतो. दोन रंग हवे असतील तर जास्त व्होल्टेजचा आधी, कारण कमी व्होल्टेजने तो बदलत नाही. घासल्या जाणाऱ्या जागी हा रंग जातो. ब्रश फिनिशच्या फ्रेमवर मग स्कॉच-ब्राइट एकाच दिशेने फिरवून सगळं कोरं करता येतं.

किनाऱ्यावरून आल्यावर बादलीभर गोडं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप लांब ठेवा. तो बेअरिंगच्या सीलमधून खारं पाणी आत ढकलतो. चेनला जाड तेल घातलं तर वाळूचा लेप तयार होतो, त्यापेक्षा मेणाचं ल्युब बरं. चेन ०.५ टक्का ताणली की लगेच बदला. आणखी ताणलेली चेन चालवत राहिलात तर कॅसेटचे (मागच्या दातेरी चक्रांचे) दात तिच्या मापाने झिजतात, मग नवी चेन त्यांच्यावरून उड्या मारते आणि कॅसेटही बदलावी लागते.